सातव्या दारातला दगड

दादाचा फोन आला तेव्हा टिल्लू एका म्हाताऱ्या शिक्षिकेचे वरचे दात मेणात बसवत होता. टिल्लू म्हणजे कुणी लहान मूल नव्हे. वय एक्केचाळीस, डोक्यावर चांगलं ऐसपैस टक्कल, नाकावर जाड भिंगं, आणि कवळ्या बनवण्यात अख्ख्या कारखान्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण थोरल्या भावाने एकदा टिल्लू म्हटलं की ते नाव अंगाला चिकटतं आणि टक्कल पडलं तरी सुटत नाही.

"टिल्ल्या, डिस्क सापडली," दादा म्हणाला.

"कसली डिस्क?"

"कसली काय? आपली. सातव्या दाराची. ऑफिसातल्या एकाने जुना कॉम्प्युटर जोडून दिलाय, मस्त चालतोय. रविवारी दुपारी ये. सोमवारपासून मी जायचा नाही, हे हिने सांगितलंच असेल तुला."

वहिनीने सांगितलं होतं. तीन वर्षं आठवड्यातून तीनदा दादा इस्पितळात जाऊन चार-चार तास यंत्राला जोडून घेत होता. मूत्रपिंडं निकामी झालेली, रक्त बाहेर काढून धुवायचं आणि परत आत सोडायचं. आता हृदयही थकलं होतं. दर वेळी यंत्रावरून उठताना तो अर्धा मरून उठायचा. शेवटी त्यानेच ठरवलं, पुरे. यंत्र थांबलं की दहा दिवस, फार तर पंधरा, असं डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

फोन ठेवला तेव्हा टिल्लूच्या हातातलं मेण थंड होऊन कडक झालं होतं. भाऊ पंधरा दिवसांत जाणार याचं दुःख त्याला नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या तोंडचं पाणी पळालं ते त्या डिस्कमुळे. माणूस असाच असतो, त्याला काय करणार.

आता हे सातवं दार काय होतं ते सांगायला हवं.

एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा जमीन मोजणाऱ्या खात्यात होते. त्यांच्या कचेरीने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि त्यासोबत एक खेळ आला. खेळाचं खरं नाव परक्या भाषेतलं आणि लांबलचक होतं. हे दोघे भाऊ त्याला सातवं दार म्हणत. राखेचा राजा नावाचा एक राजा असतो. त्याची राणी मरते. तिचं थंडगार अंग पुन्हा ऊबदार व्हावं म्हणून तो राज्यातल्या प्रत्येक चुलीतला विस्तव ओढून घेतो आणि किल्ल्याच्या तळघरात नेऊन ठेवतो. वर लोक गारठून मरायला लागतात. मग चार वाटसरू निघतात. सात मजले खाली उतरायचं, सात दारं ओलांडायची आणि विस्तव परत आणायचा.

चौघांना नावं आपण द्यायची असत. शिलेदाराचं नाव ठेवलं दादा. आई वैद्यीण झाली, बाबा जादूगार. उरला चोर. तो टिल्लू. यावरून दोन दिवस रुसवेफुगवे झाले, पण चोराशिवाय कुलपं कोण उघडणार, असं दादाने पटवल्यावर स्वारी खूश झाली.

एकट्याने खेळायचं नाही, हा घरातला कायदा. कळा दादाने दाबायच्या, नकाशा टिल्लूने काढायचा. बाबांच्या आलेख-कागदांची चळत त्यासाठी हळूहळू गायब झाली. परकी भाषा दोघांनाही धड येत नव्हती, म्हणून शब्दकोश मांडीवर. एका राक्षसाने तर हे दोघं त्याची धमकी शोधत बसले असताना आईला दोनदा मारलं. सोळा वर्षांच्या भावाने बारा वर्षांच्या भावाला इतकं जवळ बसवून घ्यावं, ही काही साधी गोष्ट नव्हती. टिल्लूच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं वर्ष.

सातव्या दाराशी गाडी अडली. तिथे एक दगडी दारवानीण उभी होती. ती म्हणायची, हे दार उघडतं, पण उघडं राहत नाही. कुणीतरी एकाने ते धरून ठेवलं पाहिजे. एक थांबेल, तिघे जातील. जो थांबेल तो दगड होईल.

दोघांना वाटलं, यात काहीतरी मेख असणार. दोन महिने त्यांनी मेख शोधली. दारात ढाल अडकवून पाहिली, मेलेल्या राक्षसाचा दात खुंटीसारखा ठोकून पाहिला, दारवानिणीला पाव देऊ केला. ती पाव खायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायची. दादा म्हणाला, "घाई नाही. सापडेल. आपल्यातलं कुणी ठेवायचं नाही."

मग दादा शाळेच्या कॅम्पला तीन दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी टिल्लूला राहवेना.

नुसतं बघायचं होतं त्याला. पलीकडे काय आहे, एवढंच. आधीच्या सहा दारांवर खेळ विचारायचा, लिहून ठेवू का? हो म्हटलं तरच डिस्कवर उतरायचं, नाही म्हटलं तर मागे फिरता यायचं. त्याने हिशोब केला की बघू, आणि नाही म्हणून बंद करू. दारवानिणीने चार नावं पुढे केली. त्याचं बोट आधी स्वतःच्या नावावर गेलं. तिथून त्याने ते उचललं. आई नको, बाबा नको. दादा शिलेदार आहे, दादा दणकट आहे, दादाला काही होत नाही. त्याने कळ दाबली.

शिलेदार पायापासून करडा होत गेला. गुडघे, कंबर, मग ढाल, मग तोंड. खाली बारीक अक्षरात नाव उमटलं. आणि सातव्या दाराने काहीही न विचारता सगळं डिस्कवर लिहून टाकलं. टिल्लूने घाईघाईने वायर उपटली, पुन्हा जोडली, पुन्हा खेळ लावला. दगड जिथल्या तिथे उभा.

त्याने डिस्क आईच्या शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली दडवली. दादा आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "डिस्क गेली रे. वाचतच नाही." दादाने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे." संध्याकाळी त्याला सायकलवर डबलसीट बसवून नदीपर्यंत फिरवून आणलं.

पोरखेळच तो. त्यावरून कुणी एकोणतीस वर्षांनी घाबरत नाही. टिल्लूची पाचावर धारण बसली होती ती दुसऱ्याच कारणाने.

दोन वर्षांपूर्वी दादासाठी मूत्रपिंडाचा शोध सुरू झाला. आई-बाबा गेलेले, वहिनीचं रक्त जुळेना. टिल्लूच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला खोलीत बोलावलं. टेबलावर मधोमध कापलेलं प्लास्टिकचं मूत्रपिंड होतं, लाल-निळ्या नळ्यांचं.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "फार छान जुळतंय. पण मी तुम्हाला एकट्याला विचारणार, आणि तुम्ही जे म्हणाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. मनात नसेल तर घरच्यांना आम्ही इतकंच सांगतो, की यांचं मूत्रपिंड चालणार नाही. कारण कुणालाच सांगत नाही. सगळ्यांच्या बाबतीत हाच नियम."

नियम चांगलाच होता. कुणाच्या मानगुटीवर बसून अवयव काढून घेऊ नये म्हणून केलेला. टिल्लूपुढे कुणी मानगुटीवर बसलेलं नव्हतं. बायकोने आदल्याच दिवशी सांगितलं होतं, घराचं, मुलीचं सगळं मी बघते, तू बिनघोर जा. त्याला पुढे करायला एकही सबब नव्हती. तो घाबरला, बस. पोटावर सुरी फिरणार, शुद्ध येईल की नाही, एकाच मूत्रपिंडावर पुढे कसं. आणि मनात तेच जुनं, दादा दणकट आहे, दादा निघेल यातून.

"नाही जमणार," तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर पोलादी बाकावर दादा बसला होता. समोर वजनाचा काटा होता. काट्याकडे बघत टिल्लू म्हणाला, "जुळत नाही रे." बायकोलाही त्याने हेच सांगितलं.

"जाऊ दे," दादा म्हणाला.

तर ही ती भीती. दादाने डिस्क लावली की दगड दिसणार. दगड दिसला की पहिलं खोटं उघडं पडणार. आणि पहिल्या खोट्याचं बोट धरून दादा दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही कशावरून? शनिवारी कारखाना बंद करताना टिल्लूने आपल्या टेबलाच्या फळीखालचं चुंबक काढलं. कामात बारीक पोलादी सुया खाली पडतात, त्या गोळा करायला ते असतं. सुपारीएवढं, पण फळीवरून ओढून काढायला दोन्ही हात लागावेत इतकं जबर. जुन्या डिस्कवरून असलं चुंबक फिरलं की तिच्यावरचं सगळं पुसून जातं. ते त्याने रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. सख्खा भाऊ मरायला टेकलेला आणि हा चुंबक घेऊन निघाला! पण निघाला खरा.

दादाच्या खोलीत पलंग खिडकीशी सरकवला होता. कोपऱ्यात घरचा वजनकाटा. उशाशी ती पाण्याची बाटली, जिच्यावर वहिनीने पेनाने रेघा मारल्या होत्या. दिवसभरात एवढंच पाणी, त्यापुढे घोटभरही नाही, असा तीन वर्षांचा दंडक होता. आज बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"आजपासून हवं तेवढं," दादा हसून म्हणाला. त्याचे पाय सुजून गुळगुळीत झाले होते आणि चेहरा मेणासारखा पिवळा. टेबलावर तो जुना कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे डिस्क. तिच्या चिठ्ठीवर टिल्लूचंच बाराव्या वर्षीचं अक्षर होतं. सातवं दार. दादा आणि टिल्लू.

"बस. आलोच मी," म्हणत दादाने वहिनीला हाक मारली. तिच्या खांद्यावर हात टाकून तो न्हाणीघराकडे निघाला. नऊ पावलांची वाट, पण प्रत्येक पावलाला तो थांबत होता. दार लागल्याचा आवाज आला.

टिल्लूने डिस्क उचलली. पत्र्याची पट्टी अंगठ्याने सरकवली आणि आतल्या तपकिरी चकतीवरून चुंबक फिरवलं. एकदा, दोनदा. उलटी करून पुन्हा. दात घासून गुळगुळीत करणारे सराईत हात त्याचे, जराही थरथरले नाहीत. डिस्क होती तशी ठेवली, चुंबक खिशात, रुमाल वर. मग त्याला एकदम शिसारी आली स्वतःची, पण तोवर न्हाणीघराचं दार उघडलं होतं.

वहिनीने दादाला खुर्चीत बसवलं आणि ती चहा टाकायला गेली. दादाने डिस्क खाचेत सरकवली. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. पडद्यावर एक ओळ आली, की वाचता येत नाही.

टिल्लूची नजर कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर होती. "गेली रे डिस्क," तो म्हणाला.

दादाने डिस्क बाहेर काढली आणि पालथी-उताणी करून बघितली.

"सकाळी चालत होती," तो म्हणाला. "आणि मंगळवारीच त्या ऑफिसातल्या माणसाने हिच्यावरचं सगळं मशीनमध्ये उतरवून ठेवलंय. ही नुसती तुझ्यासाठी बाहेर ठेवली होती."

त्याने दोन कळा दाबल्या. पडदा काळा झाला, मग उजळला. सातवं दार. दगडी दारवानीण. आणि तिच्या शेजारी ढाल टेकवून उभा असलेला करडा शिलेदार, खाली बारीक अक्षरात नाव.

"हा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा सोळा वर्षांचा होतो," दादा म्हणाला. "आईने खणातून कात्री आणायला सांगितली होती. तू शाळेत होतास."

"तुला माहीत होतं?" टिल्लूने विचारलं. "मग बोलला का नाहीस?"

"केवढा होतास तू! घाबरून अर्धा झाला होतास. म्हटलं मोठा झाला की आपणहून सांगेल, मग हसू दोघं. नाही सांगितलंस. तेही ठीक. विसरलो मी." दादा धाप लागून थांबला. "मग त्या बाकावर तू म्हणालास, जुळत नाही रे. वजनाच्या काट्याकडे बघत. मला वाटलं, हा आवाज मी ऐकलाय. त्या दिवशी घरी येऊन मी मलाच शिव्या घातल्या. म्हटलं, लाज वाटत नाही, धाकट्या भावावर संशय घेतोस? खेळातलं वेगळं, हे वेगळं. दोन वर्षं भांडतोय मी स्वतःशी, टिल्ल्या, तुझ्या बाजूने. आज दुपारपर्यंत तूच जिंकत होतास."

टिल्लूचा हात खिशातल्या चुंबकावर गेला.

"डिस्क जशीच्या तशी लावू दिली असतीस ना, तर दगड बघून आपण हसलो असतो. आणि मी खुशाल मानलं असतं, की खरंच जुळत नव्हतं."

"मी घाबरलो रे," टिल्लू म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, भिंगांखालून पाणी वाहतंय, आणि खिशातल्या रुमालात चुंबक असल्यामुळे रुमाल काढायची सोय नाही. "दादा, अजून... आता दिलं तर? मी आत्ता बाईंना फोन करतो."

"आता मला भूल द्यायलासुद्धा कुणी तयार नाही. तेव्हाचं तेव्हा होतं."

"राग येतोय ना तुला?"

"न यायला मी काय या शिलेदारासारखा दगड आहे? येतोय. इतका येतोय की तो काढायला बसलो तर पंधरा दिवस त्यातच जातील, आणि मला तेवढेच आहेत." दादा बाटलीतलं पाणी प्यायला, थांबून पुन्हा प्यायला. "एक ऐक. हिला सांगायचं नाही."

"मी सांगतो वहिनीला. आत्ता सांगतो. मला नाही हे सहन—"

"हेच म्हणतोय मी! सांगून तू मोकळा होशील. आणि ती? माझ्यामागे तिला हाक मारायला कोण आहे? गिझर बिघडला, ताप आला, कागदावर सही हवी, तू आहेस. खरं कळलं तर ती मरेल पण तुला बोलावणार नाही. तेव्हा तोंड मिटून ठेव आणि हाक मारली की ये. आयुष्यभर. ती आभार मानेल, ते ऐकून घे. एवढं कर माझ्यासाठी."

टिल्लूने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्याला स्वतःलाही कळलं नाही. दादाने मात्र हो धरलं.

"चल," तो म्हणाला. "कळा तू दाब. माझी बोटं सुजलीत. आत काय आहे ते तरी बघू."

आत फारसं काही नव्हतं. राक्षस नाहीत, सापळे नाहीत. एक लांब पायऱ्यांची वाट, तिच्यावरून तिघे उतरताहेत. तळाशी हजारो चुलींचा विस्तव आणि त्याच्यामध्ये राणीचा हात धरून बसलेला राजा. म्हातारा, वाकलेला. त्याने लढाई केली नाही. मान वर करून तो एवढंच म्हणाला, की ती ऊबदार झालीच नाही. त्या दोघांनी आज शब्दकोशाशिवाय ते वाचलं. टिल्लू नावाच्या चोराने विस्तवातला एक निखारा उचलला आणि खेळ संपला. वर गावोगावच्या चुली एकेक करून पेटल्या. मग किल्ल्यातून परत आलेल्यांची नावं उमटली. आई. बाबा. टिल्लू.

आणखी एक नाव येईल म्हणून दोघंही थोडा वेळ थांबले. पडदा तसाच राहिला.

वहिनी चहा घेऊन आली. दादाचा कप आज काठोकाठ भरलेला होता, तीन वर्षांत पहिल्यांदा. पडद्यावरच्या पेटलेल्या चुली पाहून ती म्हणाली, "अरे वा! जिंकलात का?"

"हा जिंकला," दादा म्हणाला.

वहिनीने टिल्लूचे ओले डोळे पाहिले आणि तिला वाटायचं ते वाटलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "भाऊजी, असं नका करू. तपासण्यांपासून आजपर्यंत तुम्ही एकदाही नाही म्हटलं नाहीत. देवाने जुळवलं नाही त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही होतात म्हणून निभावलं आमचं."

टिल्लूची नजर सवयीने वजनकाट्याकडे वळली. समोरून दादा त्याच्याकडेच बघत होता, कप दोन्ही हातांत धरून, घोट न घेता. टिल्लूने नजर उचलली आणि वहिनीच्या डोळ्यांत पाहिलं.

"काही लागलं की हाक मारा, वहिनी," तो म्हणाला. "मी येईन."

मग दादाने चहाचा पहिला घोट घेतला.